पान वाचणारे झालो, आता पान लिहिणारे होऊ



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. शाळांच्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. सांगलीतल्या आमच्या वस्तीतील एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. यजमान मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात, वहिनी दोन घरची धुणीभांडी करतात. थोरली मुलगी नववी पास होऊन दहावीत गेलेली. वहिनींच्या हातात एक रंगीत कागद होता.

"भावजी, जरा ह्ये वाचून सांगा. पोरगी म्हणत्या, ह्यो क्लास लावायचा. नऊ हजार फी हाय. गटातनं कर्ज काढावं म्हणतोय आम्ही."

कागदावर एका संगणक क्लासची जाहिरात होती. 'वेब डिझायनिंग शिका, शंभर टक्के नोकरी मिळवा' असे ठळक अक्षरात छापले होते. काय शिकवणार याची यादी खाली बारीक टाइपात होती. तिच्यात पहिले नाव होते एचटीएमएल.

मी कारकून माणूस. आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाला लागतो. बचत गटाचे व्याज महिना दोन टक्के. नऊ हजारांवर पहिल्याच महिन्याचे व्याज एकशे ऐंशी रुपये, मुद्दल वेगळे. मी म्हणालो, "वहिनी, चार रविवार थांबा. पोरीला अभ्यासिकेत पाठवा. यादीतलं पहिलं नाव मी तिला फुकट शिकवतो. ते तिला आवडलं, झेपलं, तर मग कर्जाचं बघू."

"थांबलो आणि जागा भरल्या तर?"

"भरल्या तर बोल मला लावा."

वहिनी गेल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते. लेकीचे शिक्षण आपल्या चालढकलीमुळे अडले असे कोणत्या आईला चालेल?

मी थांबा म्हणालो, कारण हीच ठेच मला लागलेली होती. २००२ साली मी साताऱ्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला जात. त्या काळी गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. त्यातल्याच एका क्लासमध्ये वडिलांनी उसनवारी करून माझ्यासाठी चोवीसशे रुपये भरले. पहिला महिना नुसती बोटे बडवण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात शिकवणारा आला तर आला. तिसऱ्या महिन्यात गेलो, तर दाराला कुलूप. वडील एवढेच म्हणाले, "पैसं गेलं त्याचं काय न्हाई. तुला काय आलं का, ते सांग." मला काहीच आले नव्हते. पुढे एक जुने पुस्तक मिळाले आणि कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी एचटीएमएल शिकलो. शिकल्यावर कळले, की ज्यासाठी वडिलांनी उसने काढले ती गोष्ट इतकी साधी होती. त्या दिवशी आनंद झाला आणि रागही आला.

सगळेच क्लास वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला लागते, ते जरूर करावे. पण कोणत्या विद्येला पैसे लागतात आणि कोणती घरबसल्या मिळते, हे आपल्या माणसाला कळले पाहिजे.

ही विद्या आहे तरी काय?

आपण मोबाईलवर बोट टेकवतो आणि दहावीच्या निकालाचे किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान उघडते. त्या पानामागे साधा मजकूर असतो आणि त्या मजकुराला घातलेल्या खुणा असतात. छापखान्यातला मुद्रितशोधक कागदावर खुणा करतो, की हा मथळा मोठा घ्या, इथे नवा परिच्छेद पाडा. तशाच या खुणा. त्या कशा घालायच्या याचे जे नियम, त्यांचे नाव एचटीएमएल. एकेका खुणेला टॅग म्हणतात. यात गणित नाही, अवघड सूत्रे नाहीत. ज्याला निबंध लिहिता येतो, त्याला हे येते.

ही पद्धत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने बसवली. ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करीत होते. १९८९ मध्ये त्यांनी आपली योजना लिहून दिली आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ लोकांसमोर आले. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर करून टाकले, की वेबचे हे तंत्र कोणीही वापरावे, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागणार नाहीत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत.

ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या विद्येच्या दाराला कुलूप नाही. संगणकावर कोणतेही पान उघडा आणि कंट्रोल व यू ही दोन बटणे एकदम दाबा. त्या पानाचा कच्चा मजकूर खुणांसकट समोर येतो. मोठ्यात मोठ्या कंपनीचे पान असले तरी त्याच्या खुणा तुम्हाला वाचता येतात. शिकणाऱ्यापासून काही लपवून ठेवलेले नाही.

पहिला रविवार

आमच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. चौघा-पाच जणांनी वर्गणी काढून तो लिलावात घेतला. त्या रविवारी त्याच्याभोवती सात मुले जमली. इंटरनेट जोडलेले नव्हते. एका मुलाने विचारले, "सर, नेट नाही तर वेब पेज कसं होणार?" पहिला धडा इथूनच सुरू झाला. पान लिहायला आणि पाहायला नेट लागत नाही. नेट लागते ते पान जगाला दाखवायला.

संगणकात नोटपॅड नावाची साधी पाटी असते. तिच्यावरच आम्ही लिहिले. गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' अशी बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हे मुले शिकलेली असतात. त्या दोन चिन्हांच्या मध्ये इंग्रजी पी हे अक्षर लिहिले की परिच्छेद सुरू झाला. परिच्छेद संपला की तीच खूण पुन्हा लिहायची, फक्त पी च्या आधी एक तिरकी रेघ द्यायची. मथळ्यासाठी एच हे अक्षर आणि पुढे आकडा. एच-१ सर्वांत मोठा, एच-६ सर्वांत लहान. यादीसाठी यूएल, आणि यादीतल्या प्रत्येक बाबीला एलआय. तक्त्यासाठी टेबल, आडव्या ओळीला टीआर, एकेका खान्याला टीडी.

या सगळ्याभोवती एचटीएमएल नावाची एक मोठी खूण असते. तिच्या पोटात दोन भाग असतात, हेड आणि बॉडी. कचेरीतल्या फाइलीच्या वेष्टनावर विषय आणि क्रमांक लिहितात, तसा हेड. पानाचे नाव आणि ब्राउझरला द्यायच्या सूचना त्यात जातात. वाचणाऱ्यासमोर जो मजकूर येतो तो सगळा बॉडीत.

मुलांना मी कीर्द-खतावणीचे उदाहरण दिले. नावे पडले की जमा पडलेच पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. तशीच उघडलेली खूण बंद झाली पाहिजे. आणि जी खूण शेवटी उघडली, ती आधी बंद करायची. डब्यात डबा ठेवतो तसे. चित्राची खूण आणि ओळ तोडण्याची खूण, अशा काही खुणांना मात्र बंद करावे लागत नाही.

वहिनींची मुलगी पहिल्यांदा संगणकापाशी बसली. तिने मथळा लिहिला आणि खूण बंद करायला विसरली. सगळे पान मोठ्या ठळक अक्षरात आले. मुले हसली. ती ओशाळली आणि उठू लागली. मी म्हणालो, "उठू नकोस. कुठं चुकलं ते तूच शोध." पाच मिनिटांनी तिला ती तिरकी रेघ सापडली. खूण बंद केली आणि पान सरळ झाले. तिच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला ओळखीचे होते. कॅफेत एकट्याने बसून मला तेच झाले होते.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. फाइल साठवताना तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल लिहावे आणि खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडावे. नाहीतर नोटपॅड आपल्या मनाने शेवटी टीएक्सटी जोडते आणि पान उघडण्याऐवजी नुसता मजकूर उघडतो. निम्मे लोक इथेच अडतात आणि आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देतात.

दुसरा रविवार: मराठी अक्षरांचे भांडण

दुसऱ्या रविवारी एका मुलाने त्याच्या मंडळाचे जुने पत्रक पेनड्राइव्हवर आणले. ते पानात चिकटवले, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसू लागला. ज्यांनी कचेरीत जुने मराठी टायपिंग केले आहे, त्यांना हा अनुभव असेल. कारण सोपे आहे. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असते, फक्त त्याला मराठी मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसला की मुखवटा गळून पडतो.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा, अशी ही पद्धत. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी तिच्यात आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. संगणकाच्या दप्तरात 'क' ची ही स्वतंत्र नोंद झालेली आहे. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असते, म्हणून ते कुठेही वाचता येते.

पानाच्या हेडमध्ये मेटा नावाच्या खुणेत यूटीएफ-८ असे नमूद करावे, आणि फाइल साठवतानाही तेच निवडावे. नव्या संगणकात ते आपोआप होते. जुन्यात झाले नाही तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उभी राहतात. मोठ्या एचटीएमएल खुणेत भाषा म्हणून मराठीची एमआर ही दोन अक्षरेही लिहावीत. अंध बांधवांना पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला त्यामुळे कळते, की हे मराठीत वाचायचे आहे.

लिहायचे कशाला?

तिसऱ्या रविवारी आम्ही दुवा आणि चित्र शिकलो. ए नावाच्या खुणेत दुसऱ्या पानाचा पत्ता घातला, की शब्दावर बोट टेकवल्यावर ते पान उघडते. चित्रासाठी आयएमजी ही खूण. चित्राच्या फाइलीचे नाव लहान इंग्रजी अक्षरात आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे. घरच्या संगणकाला मोठ्या-लहान अक्षराचा फरक चालून जातो, पण पान नेटवर चढवले की बहुधा चालत नाही, आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. चित्रात काय आहे ते शब्दांतही नोंदवण्याची सोय आहे, तीही वापरावी.

त्या दिवशी एक पालक बघायला आले होते. ते म्हणाले, "मोबाईलवर सगळं दिसतंय की. मग लिहायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना आपल्याच भागातला दाखला दिला.

१९९८ साली वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडायची होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून तो उभा केला. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना, सगळे गावातच पडद्यावर मिळेल, असे स्वप्न होते. संगणक आले. त्यांचा उपयोगही झाला. ऊस किती गेला, वजन किती भरले, बिल किती निघाले, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागले आणि कारखान्याची खेप वाचली. ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तेव्हा बहुतेक काम उसाच्या हिशेबाचेच चालले होते. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते स्वस्तात भागले.

यातून आपण काय घ्यायचे? संगणक गावात येणे वेगळे आणि गावाचा शब्द संगणकात जाणे वेगळे. तिथे शेतकरी खिडकीपाशी उभा राहून विचारणारा होता, नोंद करणारा दुसराच होता. आणि ज्याच्या नावावर ऊसच नाही, त्या शेतमजुराला त्या पडद्याला विचारायला फारसे काही उरतच नव्हते. आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, पण आपली जागा तीच राहिली आहे. दुसऱ्याने लिहिलेले आपण बघतो, पसंत करतो, पुढे पाठवतो. हे वाचणे झाले. वाचता येणे ही अर्धी साक्षरता, लिहिता आले की ती पुरी होते.

आपल्या पूर्वीच्या पिढीला हे पक्के ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या काळी ती रक्कम केवढी असेल याचा अंदाज करा. एवढे करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला. स्वतःचे पान काढायचे तर छापखाना, कागद, टपाल आणि वर नकार, एवढे सगळे सोसावे लागत होते. आज पान काढायला लागतो तो जुना संगणक आणि चार रविवार.

ते पालक म्हणाले, "मग माझ्या पोराला पण बसवा."

चौथा रविवार: कशाविषयी लिहायचे?

चौथ्या रविवारी प्रत्येकाने एक पान करायचे होते. मी विषय सुचवले, सगळे आपल्याच दोन जिल्ह्यांतले. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव, सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यात. अण्णा भाऊ साठे यांचे जन्मगाव वाटेगाव, सांगली जिल्ह्यात. आणि साताऱ्याचे प्रतापसिंह हायस्कूल.

या शाळेविषयी मी मुलांना जरा सविस्तर सांगितले, कारण तिथे एका ओळीची गोष्ट आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भिवाचे नाव त्या शाळेत दाखल झाले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' अशी सही आहे. त्या दिवशी शाळेच्या दृष्टीने ती एक रोजची नोंद होती. पण ती ओळ लिहिली गेली आणि शाळेने रजिस्टर जपले. म्हणून आज आपल्याला तो दिवस नेमका माहीत आहे, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी नोंदी करणारा माणूस आहे, म्हणून मला हे फार वाटते. जे लिहून ठेवले जाते ते उरते. आपल्या लोकांचे कितीतरी असे आहे, जे कोणी लिहूनच ठेवले नाही.

तिघांनी शाळा घेतली, दोघांनी वाटेगाव, एकाने नायगाव. वहिनींच्या मुलीने यातले काहीच घेतले नाही. तिने मथळा लिहिला, 'माझ्या बाबांचे काम'.

तिचे पान मी इथे थोडक्यात सांगतो. तिचे नाव छापू नका, असे तिनेच सांगितले आहे. पहिल्या परिच्छेदात तिने लिहिले, की सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हळद जगभर जाते, पण तिची पोती कोण उचलतो हे कुठे लिहिलेले नसते. खाली तक्ता होता. बाबा किती वाजता निघतात, किती पोती उचलतात, जेवण कधी, घरी कधी, पाठ दुखल्यावर काय लावतात. त्याखाली एक दुवा होता, महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याचा. हमालांसाठी असा कायदा आहे, हे तिला शोधताना कळले. ती म्हणाली, "सर, बाबांना विचारलं तर ते म्हणाले, कायदा आहे ते माहीत आहे, पण मी तो कधी वाचला नाही. म्हणून दुवा दिला."

संध्याकाळी तिचे वडील बघायला आले. पायातल्या चपला बाहेर काढून, कचेरीत उभे राहावे तसे उभे राहिले. मी खुर्ची दिली. मुलीने पान वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो आकडा चुकला. हंगामात ह्याच्या दुप्पट असत्यात." मुलीने नोटपॅड उघडले, आकडा बदलला, साठवले, आणि पान पुन्हा उघडून दाखवले. अर्धा मिनिट लागला असेल.

ते म्हणाले, "लगेच बदलतंय व्हय?"

"व्हय बाबा. माझंच पान हाय की."

खरे ते सांगितले पाहिजे

आता वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, नोकरीची. एचटीएमएल ही बाराखडी आहे. नुसत्या बाराखडीवर कोणी नोकरी देत नाही. पानाला रंगरूप देण्यासाठी पुढे सीएसएस शिकावे लागते, पानाकडून काम करून घ्यायचे तर जावास्क्रिप्ट. त्यापुढे पदविका, पदवी आहेच. तेव्हा 'शंभर टक्के नोकरी' असे छापणाऱ्याला आधी विचारा, की मागच्या वर्षीच्या मुलांना कुठे लागली ते दाखवा. पण बाराखडीचा एक मोठा उपयोग आहे. मुलाला या कामात गोडी आहे की नाही, हे एक रुपयाही न घालवता चार रविवारांत कळते. कर्ज काढण्याआधी हे कळणे गरिबाच्या घरात फार मोलाचे आहे.

दुसरी, नव्या यंत्रांची. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेला नुसते सांगितले तरी ती अख्खे पान तयार करून देते. मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. मी म्हणतो, अर्ज लिहून देणारे कचेरीबाहेर पूर्वीही बसत. पण ज्याला वाचता येत नव्हते, तो काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठवून मोकळा होई. त्या अंगठ्यांपायी किती जमिनी गेल्या, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. यंत्राची मदत जरूर घ्या, पण त्याने काय लिहिले ते आपल्याला वाचता आले पाहिजे.

पान नेटवर चढवायला गिटहब पेजेससारख्या फुकट सोयी आहेत. मोठ्यांनी मुलांसोबत बसून ते करावे. पानावर घराचा पत्ता, फोन नंबर, आधार किंवा जातीच्या दाखल्याचा फोटो कदापि टाकू नये. मुलींचे फोटो टाकू नयेत. दुसऱ्याचे छायाचित्र किंवा मजकूर त्याच्या परवानगीवाचून घेऊ नये. आमच्या मुलीचे पान अजून अभ्यासिकेच्या संगणकातच आहे. वडिलांना विचारूनच पुढचे ठरवायचे, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे.

राहता राहिले कर्ज. पाचव्या रविवारी वहिनी स्वतःच आल्या. म्हणाल्या, "भावजी, गटाला न्हाई म्हणून सांगितलं. दहावीचं वरीस हाय, आधी ते हुदे. मग कंप्युटरच्या डिप्लोमाचं बघतो. तवा लागलं तर काढू कर्ज." क्लासचा तो रंगीत कागद त्यांनी परत आणला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मुलीने पेन्सिलीने चौकटी आखल्या होत्या. पुढच्या पानाचा तो आराखडा होता. मथळ्याच्या चौकटीत लिहिले होते, 'माझ्या आईचे काम'.

गावोगावच्या मंडळांना माझी एवढीच विनंती आहे. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात एक जुना संगणक मिळवा. आपल्यातल्या ज्या एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हे येते, त्यांचे चार रविवार मागून घ्या. सात मुले जमली तरी पुरेत. आणि पहिले पान त्यांना त्यांच्या घरच्या माणसांवर लिहायला सांगा.

जयभीम.